खाच

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नवी कवळी बसवून हातात आरसा दिला. दात कसे, मोत्यांसारखे! म्हाताऱ्या शिंपीणबाईंचा चेहरा मात्र पडला. "पुढच्या दाताची खाच कुठं गेली?" "आजी, दातानं दोरे तोडून पडलेली खाच ती. किती रागावले होते मी त्यावरून! आता कशाला हवी?" "ह्यांच्यासाठी. हे शिवायचे, मी दोरा तोडायची. हल्ली ह्यांना काही आठवत नाही. मी हसले, खाच दिसली, की तेवढी ओळख पटायची. दात काढल्यापासून विचारतात, 'बाई, तुम्ही कोण?'" डॉक्टरीणबाईंनी कवळी काढून घेतली आणि दाताला बारीकशी खाच पाडली. घरी शिंपीबुवा खिडकीशी बसले होते. बाई समोर बसून हसल्या. बुवांनी बराच वेळ निरखून पाहिलं. नाव काही ओठांवर आलं नाही. मग सदऱ्याच्या बटणाचा सुटलेला दोरा ताणून त्यांनी बाईंच्या तोंडाशी धरला.