मेंबरची बायको

घाटभर शर्वरीने मोठ्या जाऊबाईंचं नाव आणि जन्मतारीख घोकली होती. रिसॉर्टची मेंबरशिप थोरल्या दिरांची. "पाहुण्यांना वेगळा फॉर्म भरावा लागतो, कटकट नुसती. तू सरळ माझ्या नावाने जा," असं सांगून त्यांनी वाया जाणारे चार दिवस धाकट्या भावाला दिले होते.

आता दिरांचं कार्ड पुढे करून नवरा काउंटरपाशी ऐटीत उभा होता. शर्वरी मात्र मनातल्या मनात जन्मतारीख पुन्हा घोकत होती.

"मिसेसचं नाव, सर?"

"वनिता," शर्वरीच बोलली.

काउंटरवरची मुलगी कॉम्प्युटरकडे बघत थबकली. "इथे रेवती दिसतंय, मॅडम."

नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. आता बाहेर काढतात, या भीतीने शर्वरी घाईघाईने म्हणाली, "माहेरचं वनिता. लग्नात बदललं."

"माझ्या आईचंही तसंच आहे!" मुलगी हसली आणि कॉम्प्युटरवरच्या जुन्या नोंदी वाचू लागली. "दर जूनमध्ये येता ना तुम्ही दोघं? तीच तळ्याकाठची खोली ठेवलीय."

किल्ली हातात आली, तरी सुटल्यासारखं वाटेना. जूनमध्ये दिरांचं ऑफिसचं ट्रेनिंग असतं. त्यांची बॅग दर वर्षी जाऊबाई भरून देतात.

पर्समधला फोन वाजला. जाऊबाईच होत्या.

"पोचलात का गं? खोली कशी आहे ते नीट सांग हं. आमच्या ह्यांनी मला एकदाही नेलं नाही बघ."

नवरा मानेनेच 'नको, नको' म्हणत होता. शर्वरीने त्याच्याकडे पाठ फिरवली.

"वहिनी, तुम्हीच या इथे," ती म्हणाली. "उद्याच या."