दम लागणं वेगळं, दमा वेगळा

“आणि व्हर्टिगो म्हणजे?” कृपादान यांनी विचारले.

“भोवळ. पण फिट वेगळी हं,” दीनाबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या. हा शब्द नवऱ्याने परवाही विचारला होता, असे त्यांना वाटले.

संगमनेरच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून त्यांचे सारे आयुष्य गेले होते. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडलेल्या बायका थेट त्यांच्याकडे यायच्या. दम लागणं वेगळं, दमा वेगळा, हे दीनाबाई प्रत्येकीला पुन्हा पुन्हा समजावून सांगत. आता ऐकायला निवृत्त मास्तर असलेला नवरा तेवढा उरला होता.

पण हल्ली त्यांना नवऱ्याचीच काळजी वाटू लागली होती. चाव्या पिठाच्या डब्यात सापडल्या, तेव्हा कृपादान म्हणाले, मीच ठेवल्या असतील. दूध उतू जाऊन पातेले करपले, तेव्हाही चूक त्यांनी आपल्याच अंगावर घेतली. दीनाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी पातेले मुकाट्याने घासले.

एका संध्याकाळी कृपादान यांनी विचारले, “दीना, डिमेन्शिया म्हणजे नक्की काय गं?”

दीनाबाईंनी हातातले काम बाजूला ठेवले. मग दवाखान्यात बोलायच्या तशाच त्या शांतपणे बोलल्या.

“साखर आणायची राहिली, तर ते वय. साखर आणायला निघालोय, हेच भर रस्त्यात कळेना झालं, तर तो आजार. यात माणसाचा दोष नसतो. घरच्यांनी चिडायचं नाही.”

“नाही चिडायचं,” कृपादान म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

नगरला मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचे त्यांनीच काढले. एकट्याला भीती वाटते, तू असलीस की धीर येईल, असे म्हणाले. दीनाबाईंनी इस्त्रीची साडी नेसली. एसटीत त्या वाटभर त्यांना समजावत होत्या. डॉक्टर साधेसुधे प्रश्न विचारतील, लाजायचे नाही, आठवले नाही तर तसे सांगून टाकायचे.

डॉक्टरांनी दोघांनाही समोर बसवले. आधी प्रवासाची चौकशी केली, मग विचारले, “आज वार कोणता?”

कृपादान यांचे डोळे भरून आले. दीनाबाईंचा जीव कळवळला. त्या त्यांच्याकडे झुकल्या.

“घाई नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “आठवून सांगा.”

“सिस्टर,” डॉक्टर म्हणाले, “मी तुम्हाला विचारतोय.”