वरची दाढ

“वरची हाय ना? मग न्हाई काढायची.”

चांगुणाबाईनं निकाल देऊन टाकला. खुर्चीत आडवा झालेला तिचा नवरा, रंगनाथ, आ वासून गप्प पडला होता. उजवा गाल सुजून भोपळा झाला होता.

डॉक्टर स्नेहल जेमतेम तिशीची. पण किडक्या दाढा काढायला आणि नव्या बसवायला नगरला लोक तिच्याकडंच येत. राहुरीच्या डॉक्टरनं हात टेकले, चिठ्ठी देऊन इकडं धाडलं, म्हणून देवळाली प्रवराहून सकाळच्या एसटीनं ही दोघं आली होती. गाडीतून उतरल्यापासून रंगनाथनं बायकोच्या खांद्यावरचा हात काढला नव्हता. कळ सोसत नाही बिचाऱ्याला, असं तिनं धरलं.

“आजी, मुळाशी पू झालाय. ठेवली तर हाडात पसरेल. आज काढू. चार-सहा महिन्यांनी हाड भरलं की तिथं स्क्रू बसवून नवी दाढ लावता येईल.”

“म्हंजी भिंतीत खुंटी ठोकत्यात तशी? बाहत्तर वर्साच्या मानसाच्या तोंडात खुंटी ठोकून तिला काय टांगायचं हाय, बाई?”

हाताखालची सिस्टर तोंड फिरवून हसली. स्नेहल हसली नाही. “पण काढायला का नको म्हणता?”

का म्हणजे? वरच्या दाढेची शीर डोळ्याला जाते, हे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक. ही एवढी शिकली ती काय शिकली?

“आमच्या मामंजींची वरचीच दाढ काढली हुती. वर्साच्या आत आंधळे झाले. सात वर्सं त्यांना हाताला धरून परसाकडं मी नेलंय. तुमी न्हाई नेलं.”

“त्यांना डोळ्यांचाच काही आजार असेल, आजी. असले आजार घराण्यात चालतात. तेव्हा डोळे तपासले होते का?”

“दाढ हुती तवर लख्ख दिसत हुतं. तपासायचं काय त्यात?”

तीन वर्षं चांगुणाबाईनं ही दाढ राखली होती. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, मेडिकलवाल्याच्या गोळ्या झाल्या. दोनदा रंगनाथ काढून घ्यायला निघाला. दोन्ही वेळा तिनं त्याला स्टँडवरून माघारी आणलं. त्याच्या बरोबरीच्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या नाकावर चष्मे आले, याला नाही. ती आल्यागेल्याला ऐकवायची, “बघा, अजून चष्मा न्हाई मागितला. मी राखलेत डोळे.” हल्ली तो चौकटीला धडकायचा. चहाचा कप लवंडायचा. पेपर वाचायचा सोडला, गावात जायचं सोडलं. कळांनी भंजाळलंय माणूस, असं ती म्हणायची. खापर सगळं दाढेवर फोडायची, आणि दाढेला हात मात्र लावू द्यायची नाही.

“दाढ तुमची आहे का बाबांची?” स्नेहलनं विचारलं.

“नवरा माझा हाय.”

“मग पाच मिनिटं बाहेर बसा. मला बाबांशी बोलू द्या.”

सिस्टर ट्रे घेऊन बाहेर पडली. तिच्यामागं दार धाडकन लागलं. चांगुणाबाई गेलीच नाही. ती नुसती वळसा घालून रंगनाथच्या पायाशी, खुर्चीसमोर जाऊन हाताची घडी घालून उभी राहिली. बोल आता, बघते काय बोलतेस ते, अशा नजरेनं डॉक्टरकडं बघत. वरच्या दिव्याचा झोत निम्मा तिच्या तोंडावर आला होता.

रंगनाथनं मान उचलली आणि सरळ तिच्याकडं पाहिलं.

“गेली का ती?”

चांगुणाबाईला आधी रागच आला. परक्या बाईपुढं थट्टा करतोय म्हातारा! उत्तर ओठावर आलं होतं. पण त्याची नजर हलेना. ती तिच्या तोंडावर होती, आणि तिच्यावर नव्हती.

कुणी बोलत नाही म्हटल्यावर, गेली असं रंगनाथनं समजून घेतलं.

“काढा बिनघोर,” तो हळू आवाजात म्हणाला. “डोळ्यांचं भ्या धरू नका. एक कवाच गेला. दुसऱ्यानं दिवाळीपासनं दिसत न्हाई. दाढ हाय तवर डोळे हायेत म्हनून मीबी कळा सोसल्या. तरी गेले. तिला मातूर कळू देऊ नका. तिनं लई राखलेत.”

स्नेहलनं टॉर्च घेऊन दोन्ही डोळ्यांवर धरली. उजव्यावर, मग डाव्यावर, मग पुन्हा उजव्यावर. त्याची पापणीही लवली नाही. तिनं टॉर्च विझवली. चांगुणाबाईकडं बघणं तिनं टाळलं.

चांगुणाबाईनं एका हाताच्या बांगड्या दुसऱ्या हातानं दाबून धरल्या. पायांतल्या चपला बाहेरच होत्या, ते बरं झालं. ती भिंतीच्या कडेकडेनं दारापर्यंत गेली. दार किरकिरलं.

“कोन हाय?”

“सिस्टर,” स्नेहल म्हणाली.

बाहेर बाकावर तोंडात कापसाचे बोळे धरून माणसं बसली होती. एकानं सरकून जागा केली. ती बसली नाही. पदर तोंडाशी नेला, तसाच खाली सोडला. मग वळली आणि दार असं ढकललं, की ते भिंतीवर जाऊन आपटलं.

“झाली का तुमची खलबतं?”

रंगनाथनं दचकून दाराकडं तोंड केलं. “झाली की. कवाच झाली.”

तिनं जवळ जाऊन त्याचा हात हातात घेतला.

“काढा ती दाढ, डॉक्टरीणबाई,” ती साऱ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “पन ह्यांच्या डोळ्यांना कायबी झालं, तर गाठ माझ्याशी हाय.”