वल्हं

समुद्राच्या प्रवाहांचं भाकीत करणाऱ्या तिच्या संगणकावर लाल पट्टा खाडीत शिरत होता. लाल म्हणजे प्राणवायू संपलेलं पाणी. तिथेच भावाचे मासे पिंजऱ्यांत वाढत होते. तिने फोन लावला. "दादा, पिंजरे बाहेर ओढ." "कशाने, मिशीने? मोठी बोट दुरुस्तीला गेलीय. एवढी शिकलीस, तूच पाणी वळव की." "वारा फिरला तरच वळेल." "मग ते खातं देवाचं." तो हसला. तिने संगणकाच्या गणितातला वारा फिरवून पाहिला. पडद्यावर खाडी निळी झाली. खिडकीबाहेरचं झाड मात्र वाऱ्याने त्याच दिशेला वाकलेलं राहिलं. दुपारी त्याचाच फोन आला. "मासे वर येऊन तोंडं वासताहेत गं. वल्ह्याने पाणी ढवळतोय, तेवढीच हवा मिसळेल. किती वेळ ढवळू?" खऱ्या वाऱ्यात लाल पट्टा आठवडाभर हलणार नव्हता. "ढवळत राहा, दादा," ती म्हणाली. फोन तिला ठेववेना.