टेन्शन लेऊ नको

पार्वतीनं उंबऱ्यातून दोनदा हाक मारली. तिचा नवरा उखा पाठमोरा बसून पीठ मळत होता. त्यानं मान वळवली नाही.

एवढ्यासाठी नंदुरबारहून गाडीत उभ्यानं आले, असं तिच्या मनात आलं. सुरतेतल्या बमरोलीच्या त्या चाळीमागं यंत्रमाग धडधडत होते. तिनं पिशवी खाली ठेवली. भांडायचे शब्द वाटेतच जुळवून आणले होते.

बाळंतपणानंतर गावातल्या दुकानावर त्याचा फोन आला, तेव्हा अंगात ताप असताना ती गेली होती. दुकानात माणसं होती. पदर तोंडाशी धरून तिनं सांगितलं, "पोऱ्या झाला होता. जन्मताच गेला."

पलीकडून उखा म्हणाला, "बरं झालं. टेन्शन लेऊ नको." आणि फोन ठेवून दिला.

टेन्शन म्हणजे काय, हे तिनं शेजारच्या मयुरीला विचारलं. मयुरी हायस्कूलला जायची. "इंग्रजी शब्द आहे, वहिनी. काळजी करू नको म्हणायचं असलं की तसं म्हणतात."

पार्वतीला वाटलं, काळजी करावी असं मागं उरलंच काय होतं? पुढच्या प्रत्येक फोनला तेच. ती काहीबाही सांगू बघायची, तो तेवढंच म्हणून फोन ठेवायचा. सुरतेत त्याचं मन दुसरीकडं बसलं असेल, असं सासूही बोलून गेली. मग एका सकाळी कुणाला न विचारता ती निघाली.

तिनं पुढं होऊन त्याच्या खांद्याला हात लावला. उखा दचकला. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला. त्यानं तिच्या रिकाम्या कडेकडं पाहिलं, मग तिच्या मागं, दारापर्यंत.

"पोऱ्या कोठे शे?"

"काय म्हणता तुम्ही?"

पिठाचा हात त्यानं कानामागं धरला. "मोठ्यानं बोल. या मागांनी कान नेले माझे. फोनवर तर काहीच उमगत नाही. पोऱ्या झाला, तेवढं मात्र ऐकलं. दिवाळीला त्याला बघायला येणारच होतो मी."

हसत त्यानं कोपऱ्याकडं बोट दाखवलं. तिथं आढ्याला कोऱ्या कापडाची झोळी टांगलेली होती.

पार्वती त्याच्याजवळ बसली. तेव्हा पदराआडून जे कसंबसं बोलली होती, तेच आता तिला सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडून सांगायचं होतं.