पाठीवरचा दवाखाना

"फौजेत केलेलं इथं चालत नाही, हवालदारसाहेब. प्रमाणपत्र आणा. दिवाळीपर्यंत जागा रिकामी आहे," गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यातला बाबू म्हणाला.

हेमराजनं वाद घातला नाही. सैन्याच्या वैद्यकीय दलात त्याची अर्धी उमर गेली होती. बर्फात गारठलेल्या जवानांना त्यानं सलाईन लावली होती, फुटलेल्या मांड्या बांधल्या होत्या. पण कारखान्याच्या दवाखान्यात मदतनीस व्हायला त्यातलं काहीच पुरत नव्हतं. आता हैदराबादेत एखाद्या इमारतीच्या फाटकावर शिट्टी घेऊन बसायचं, एवढंच उरलं होतं. म्हणजे पुन्हा घर सोडायचं.

"आता कुठी जाऊ नका," रंभा एवढंच म्हणाली. लग्न झाल्यापासून तिला नवरा फक्त सुट्टीपुरता मिळाला होता.

चामोर्शीच्या बाजारात भेटलेल्या एका माजी सैनिकानं वाट दाखवली. एका खुल्या शिक्षणसंस्थेनं इंटरनेटवर प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम काढला होता. काम करता करता हात बसलेल्या माणसांसाठी. शाळा किती झाली, कुठं नोकरी केली, हे कोणी विचारत नव्हतं. धडे संगणकावर वाचायचे, अडलं तर तिथल्याच चर्चेच्या पानावर लिहायचं आणि शेवटी चंद्रपूरला परीक्षकांपुढं हातानं करून दाखवायचं.

ते दोन हजार नऊ साल होतं. धानाच्या बांधीतली चिखलणी आटोपून हेमराज सायकलनं चामोर्शीच्या इंटरनेटच्या दुकानात यायचा. एक पान उघडेपर्यंत बाहेर जाऊन चहा पिऊन होत असे.

धडे त्याला सोपे गेले. अडला तो एकच, साधनं नसताना करायच्या उपचारांचा. फौजेत त्याची पेटी कधी रिकामी राहिली नव्हती. बँडेज संपलं तर काय कराल, या प्रश्नावर त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं, स्टोअरमधून आणू.

दुसऱ्या दिवशी खाली उत्तर आलं होतं. लिहिणाऱ्याचं नाव मुखरू उसेंडी, गडचिरोली.

"भाऊ, स्टोअरच नसन तं? बांबूची खपची करा. लुगडं उकळा अन् कडक उन्हात वाळवा. मी असाच एकाचा पाय बांधला. तो अजून चालून राह्यला."

हेमराज एकटाच हसला. मग रोजचंच झालं. त्यानं मुखरूला औषधांची इंग्रजी नावं फोडून सांगावीत, मुखरूनं त्याला रिकाम्या हातांनी माणूस कसा वाचवायचा ते शिकवावं.

"तुम्ही पण सर्विसमध्ये होते का?" हेमराजनं एकदा विचारलं.

"जंगल ड्यूटी. दवाखाना पाठीवर."

"कोणती युनिट?"

"ते नाई सांगता येत, भाऊ."

हेमराजनं पुन्हा विचारलं नाही. सांगता न येणाऱ्या जागी तोही राहून आला होता.

मुखरूला पेन्शन नव्हती. मधातच सोडलं, असं तो म्हणाला. गाव एटापल्लीच्या पलीकडं, पण तिकडं गेलं तर जिवाला धोका. हेमराजला नवल वाटलं नाही. त्या भागातले वर्दीतले दोन जण त्याच्या ओळखीचे होते. नक्षलवाद्यांच्या भीतीनं आईच्या मौतीलाही ते गावात जाऊ शकले नव्हते.

"कोण हो हा मुखरू?" रंभानं विचारलं.

"माह्यासारखाच फौजी. माह्याहून कठीण ड्यूटी केली त्यानं."

परीक्षेला रंभाही चंद्रपूरला आली, मुखरूला पाहायला. मुखरू बारीक चणीचा निघाला. ऑक्टोबरच्या उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा. एक पोलिस त्याला फाटकापर्यंत सोडून गेला.

"धोका अजून आहे वाटते," हेमराज म्हणाला.

"एकटा फिरू नको म्हणतात ते."

परीक्षक बाईंनी हेमराजची पेटी उचलून बाजूला ठेवली. "पेटी नदीत गेली समजा. या माणसाचा पाय मोडलाय."

हेमराजनं अंगणातल्या कुंपणाचा बांबू मागितला, खांद्यावरचा दुपट्टा फाडला आणि त्याचे हात आपोआप चालू लागले. बाईंनी बांधलेला पाय हलवून पाहिला आणि मान डोलावली. दुपारी निकाल सांगितला. दोघंही पास.

बाहेर कडुनिंबाखाली रंभानं डबा उघडला. तांदळाची भाकर, लाखोळीची डाळ, तळ्यातल्या झिंग्यांची चटणी.

"भाऊ, तुमच्यामुळे हे आता घरी राहतीन," ती म्हणाली. "भाऊबीजेले आमच्या घरी या. मी वाट पाह्यतो."

मुखरूनं मान खाली घातली. "मले कोणी घरी बोलावून लय वर्षं झाले, बाई."

"अख्ख्या नोकरीत तुह्यासारखा उस्ताद नाई भेटला मले," हेमराज म्हणाला. कधीपासून मनात होतं ते. बोलून त्याला हलकं वाटलं.

हात धुवायला मुखरूनं बाही वर केली. कोपराखाली जुना व्रण होता. हेमराजच्या सवयीच्या डोळ्यांनी तो लगेच वाचला. गोळी शिरली ती जागा लहान, निघाली ती मोठी. टाके वेडेवाकडे, पण जखम छान भरलेली.

"टाके कोणी घातले?"

"मीच. दुसऱ्या हातानं."

अशा माणसाला पदक मिळायला हवं, तर साधी पेन्शनही नाही. हेमराजनं रंभाच्या हातातला तांब्या घेतला आणि स्वतः मुखरूच्या हातांवर पाणी घालू लागला.

"कोणाची गोळी होती?"

मुखरूनं हात मागं घेतले नाहीत.

"पोलिसांची," तो म्हणाला.