माईकची चाचणी

सोल शहरातल्या एका प्रशिक्षण केंद्रात टीव्हीचं काम शिकणाऱ्या पोरांना माईक तपासायचा एकच प्रश्न शिकवला होता, "सकाळी काय खाल्लंस?" पाहुण्याच्या खुर्चीत बसायचा सगळ्यांना कंटाळा, बोराम मात्र धावत जाऊन बसायची.

"सकाळी काय खाल्लंस?" हेडफोन लावून दोक्सूनं विचारलं.

"भात. मुळ्याचं सूप," ती पुटपुटली.

"काही ऐकू येत नाही. मघाशी भांडताना तर अख्खं कॅन्टीन डोक्यावर घेतलं होतंस!"

"मग परत विचार ना." तिनं मान खाली घातली. "आई गेल्यापासून हे कुणी विचारतच नाही रे."

हे मात्र त्याला अगदी स्वच्छ ऐकू आलं. दोक्सूनं आवाजाचं बटण हळूच खाली ओढलं.

"छे, येतच नाहीये आवाज. परत सांग, सकाळी काय खाल्लंस?"